एसपीबी: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

४ जून ही गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम (एसपीबी) यांची जयंती आणि २५ सप्टेंबर ही पुण्यतिथी. या तारखा जवळ आल्या की सोलापूरच्या पूर्व भागातल्या आम्हा गाणंवेड्यांच्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. काही कारखान्यातून येतात, काही कॉलेजच्या पोरांकडून, काही पुण्याला नोकरीला गेलेल्या सोलापूरकरांकडून. सगळ्यांना एकदाच उत्तर मिळावं म्हणून हे लिहिलं. लिहिणारा चाहता आहे, तटस्थ अभ्यासक नव्हे. तेव्हा मध्ये मध्ये मतं येतील, ती चालवून घ्या.

१. एसपीबी म्हणजे नक्की कोण? मला फक्त सलमानची जुनी गाणी माहीत आहेत.

तीच गाणी गाणारे. पूर्ण नाव श्रीपती पंडिताराध्युल बालसुब्रह्मण्यम. जन्म ४ जून १९४६, नेल्लोरकडच्या तेलुगू घरात. वडील एस. पी. सांबमूर्ती हरिकथा करत, म्हणजे आपल्याकडच्या कीर्तनकारासारखे. १९६६ मध्ये तेलुगू चित्रपटात पहिलं गाणं गायले आणि २०२० पर्यंत गात राहिले. तेलुगू, तमिळ, कन्नड आणि हिंदी या चार भाषांतलं काम मुख्य. तेलुगू माणूस त्यांना 'बालू' म्हणतो. सोलापुरात साखर पेठेकडे 'बालू गारू' ऐकाल, सात रस्त्याकडे 'एसपी'. माणूस एकच.

२. मराठी मुलखातल्या शहरात एका तेलुगू गायकावर एवढा जीव का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, सोलापूरचे नाही. इथल्या एका गल्लीत घरात तेलुगू, बाजारात कन्नड, शाळेत आणि कचेरीत मराठी आणि कट्ट्यावर हिंदी चालते. पद्मशाली समाज मागाच्या कामासाठी तेलंगणातून इथे आला, स्थिरावला आणि त्यांनीच विणलेल्या चादरी सोलापूरच्या नावाने देशभर गेल्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागात किती तेलुगू कानावर पडते ते एकदा येऊन ऐका.

या घरांत एसपीबी रेडिओवरून, मग कॅसेटवरून, मग केबलवरून आले. यंत्रमागाच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण कारखान्यात टेप लावलेला असायचाच. दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचा हात चालू आणि कान गाण्याकडे. अक्कलकोट रोडच्या कन्नड घरांनी त्यांना कन्नड गायक मानलं. मराठी घरांनी हिंदी गायक मानलं. प्रत्येकाला वाटायचं हा आपलाच. माझ्या मते त्यांचं अष्टपैलुत्व हेच आहे: ज्या भाषेत गायले त्या भाषेच्या घरात ते पाहुणे वाटले नाहीत. बाकी आवाजाची रेंज वगैरे गोष्टी नंतरच्या.

३. एकूण गाणी किती आणि भाषा किती?

सर्वत्र छापून येणारा आकडा ४०,००० हून अधिक गाणी आणि १६ भाषा असा आहे. सूत्रसंचालन करताना 'सुमारे चाळीस हजार गाणी गायल्याचं सांगितलं जातं' एवढंच म्हणा. इतक्या मोठ्या कामाची एक-एक नोंद कुणी मोजून ठेवणं अवघड. तरी अंदाज घ्यायला हिशेब करा. कारकीर्द ५४ वर्षांची, म्हणजे वर्षाला सातशे-साडेसातशे, रोजची दोन गाणी. ऐकायला अशक्य वाटतं. पण दक्षिणेतल्या स्टुडिओंचा त्या काळातला वेग पाहिला (प्रश्न १६) तर पटायला लागतं.

४. ते इंजिनिअर होते असं ऐकलं. खरं का?

इंजिनिअर व्हायला निघाले होते. अनंतपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाले, टायफॉइडने आजारी पडले आणि शिक्षण सुटलं. नंतर मद्रासला राहून 'एएमआयई'चा (कॉलेजबाहेरून द्यायच्या अभियांत्रिकी परीक्षेचा) अभ्यास करत गाण्याच्या स्पर्धांना जायला लागले. (अनंतपूर म्हणजे कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी: सोलापूरवरून जाणारी उद्यान एक्सप्रेस तिथे थांबते.)

१९६४ मध्ये मद्रासच्या एका तेलुगू सांस्कृतिक संस्थेच्या स्पर्धेत पहिला नंबर आला. परीक्षकांत नामवंत तेलुगू गायक घंटसाला आणि संगीतकार एस. पी. कोदंडपाणी होते. कोदंडपाणींनी पोराला हाताशी धरलं आणि १५ डिसेंबर १९६६ रोजी 'श्री श्री श्री मर्यादा रामण्णा' या चित्रपटासाठी पहिलं गाणं गाऊन घेतलं. पुढे एसपीबींनी स्वतःचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ काढला, त्याला नाव दिलं कोदंडपाणींचं. गुरूचं ऋण फेडायची ही पद्धत मला फार आवडते. पाटी रोज डोळ्यांसमोर राहते.

तमिळमध्ये नाव झालं ते १९६९ च्या 'अडिमै पेण'मुळे. नायक एमजीआर, म्हणजे तमिळचे मोठे नट एम. जी. रामचंद्रन. गाणं ठरलं आणि एसपीबी नेमके आजारी पडले. एमजीआरनी दुसरा गायक घेतला नाही, थांबले. या पोराने मित्रांना सांगितलं असेल की मी एमजीआरसाठी गातोय, आता त्याचा हिरमोड कशाला, असा त्यांचा विचार होता. ही गोष्ट एसपीबी आयुष्यभर सांगत राहिले.

५. शास्त्रीय संगीत शिकले नव्हते म्हणतात. मग 'शंकराभरणम' कसं गायलं?

दोन्ही खरं आहे. रीतसर कर्नाटक संगीताची तालीम त्यांना नव्हती आणि ते हे लपवत नसत. चित्रपट १९८० चा, दिग्दर्शक के. विश्वनाथ, संगीत के. व्ही. महादेवन, गीतं वेटूरी यांची. जे. व्ही. सोमयाजुलु यांनी रंगवलेले शंकर शास्त्री हे कडक कर्नाटक गायक. त्यांना आवाज द्यायला एम. बालमुरलीकृष्ण यांच्यासारखा जाणता शास्त्रीय गायक हवा, असं सुरुवातीला बोललं जात होतं. महादेवन यांचे सहायक पुगळेंदी यांनी एसपीबींवर भरवसा ठेवला आणि एक-एक जागा घोटून घेतली.

परिणाम काय झाला ते पाहा. आंध्रात ज्यांनी कधी राग हा शब्द उच्चारला नव्हता असे लोक जुन्या कर्नाटक रचना गुणगुणायला लागले. शास्त्रीयवाल्यांपैकी काहींचा आक्षेप असतो की हे खरं कर्नाटक गायन नव्हे. बरोबर आहे, नाहीच ते. एका म्हाताऱ्या, स्वाभिमानी गवयाचं ते गाणं आहे आणि आवाजात तो म्हातारा दिसतो. पस्तिशीही न गाठलेल्या माणसाने ते उभं केलं. याच चित्रपटासाठी वाणी जयराम यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी घरांना त्या कुमार गंधर्वांबरोबर गायलेल्या द्वंद्वगीतामुळे ठाऊक आहेत, पण हा दुवा फार जण जोडत नाहीत.

६. 'सूर संगम' म्हणजे तोच चित्रपट का? त्यातही एसपीबी आहेत का?

कथा तीच, दिग्दर्शकही तेच, वर्ष १९८५. गिरीश कर्नाड मुख्य भूमिकेत. पण हिंदीत गवई हिंदुस्तानी पद्धतीचा केला आणि गळा दिला बनारसच्या राजन-साजन मिश्र बंधूंनी. एसपीबींना शोधत हा चित्रपट लावू नका. त्याच्या त्याच्या जागी तो छानच आहे.

७. राष्ट्रीय पुरस्कार किती आणि कशासाठी?

सहा, चार भाषांत. तेलुगूत तीन: 'शंकराभरणम', 'सागर संगमम' (१९८३) आणि 'रुद्रवीणा' (१९८८), यातले शेवटचे दोन इळयराजांच्या संगीतातले. हिंदीत 'एक दुजे के लिए' (१९८१). कन्नडमध्ये पंचाक्षरी गवयांवरचा चित्रपट (प्रश्न ८). तमिळमध्ये ए. आर. रहमान यांच्या संगीतातला 'मिन्सार कनवु'. शिवाय आंध्र सरकारचे २५ नंदी पुरस्कार, पण त्यात गाण्याखेरीज संगीत आणि डबिंगचेही आहेत, म्हणून '२५ वेळा उत्कृष्ट गायक' असं सरसकट लिहू नका. पद्मश्री २००१, पद्मभूषण २०११. पुढचं प्रश्न २० मध्ये.

८. गदगच्या गवयांवरचा कन्नड चित्रपट कोणता? आमचे आजोबा सारखं सांगायचे.

'संगीत सागर गानयोगी पंचाक्षर गवई', १९९५. संगीत हंसलेखा यांचं. पंचाक्षरी गवई हे दृष्टिहीन गायक. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात त्यांनी अंध आणि गरीब मुलांना सांभाळून गाणं शिकवलं. पुढे ती गादी पुट्टराज गवयांनी चालवली. सोलापूर-गदग रेल्वेने जाऊन आश्रमाला पाया पडून आलेली कितीतरी घरं इथे आहेत, त्यामुळे आजोबांचं सांगणं साहजिक आहे.

आता यातली गंमत. पुरस्कार मिळाला ते गाणं कन्नड चित्रपटातलं, पण बंदिश ब्रज-हिंदी वळणाची आणि गायकी हिंदुस्तानी. गाणारा तेलुगू. म्हणजे कर्नाटक संगीत न शिकलेल्या माणसाला आधी कर्नाटक गवयाच्या आवाजासाठी पुरस्कार मिळाला आणि मग हिंदुस्तानी गवयाच्या आवाजासाठी. बंदिशीतला मेघांचा गडगडाट त्यांनी तानेत असा आणलाय की भीमसेनजींच्या मैफिली ऐकून तयार झालेले आमच्याकडचे कानसेनही मान डोलवतात. शेवटी 'पण फिल्मीच आहे' असं म्हणतात, ते सोडा.

विष्णुवर्धन यांच्या 'नागरहावु' (१९७२) मधलं एसपीबींचं चिडलेलं गाणं आणि हे गाणं पाठोपाठ लावून बघा. एकाच गळ्यातून आलंय यावर नवखा विश्वास ठेवणार नाही.

९. हिंदीत प्रवेश कसा झाला? 'मद्रासी उच्चार' म्हणून नाकारलं होतं ना?

जवळजवळ. के. बालचंदर यांनी आपलाच तेलुगू 'मरो चरित्र' (१९७८) हिंदीत करायला घेतला, तोच 'एक दुजे के लिए'. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. हिंदी धड न बोलणारा दाक्षिणात्य गायक गाण्यांना न्याय देईल का, अशी शंका त्यांच्याकडून निघाल्याचं सांगतात. बालचंदर यांचा मुद्दा सरळ होता: पडद्यावरचा मुलगा तमिळ आहे, त्याची हिंदी अडखळणारच, मग गाण्यात अस्सल उर्दू कुठून येईल? मुद्दा मान्य झाला आणि पहिल्याच फटक्यात हिंदीतला राष्ट्रीय पुरस्कार आला.

त्यांचे उच्चार खरंच कच्चे होते का? त्या चित्रपटात थोडा दक्षिणी हेल आहे आणि तो हवाच होता. दहा वर्षांनी आलेल्या 'साजन'मध्ये तो शोधून दाखवा.

१०. सलमान खानचा आवाज एसपीबीच का? आणि त्यामागे मराठी माणूस होता हे खरं का?

'मैंने प्यार किया' १९८९ च्या डिसेंबरात आला. संगीतकाराचं नाव रामलक्ष्मण. पुष्कळांना अजून वाटतं ही जोडी. मुळात होतीच: राम म्हणजे सुरेंद्र, लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडक्यांनी 'पांडू हवालदार'ला त्यांना घेतलं. राम लवकर गेले, पण पाटलांनी मित्राचं नाव पुढे लावलेलं कधी काढलं नाही. तेव्हा 'मैंने प्यार किया'चं संगीत एका मराठी माणसाचं, आणि तोही दादांच्या चित्रपटांतून वर आलेला.

तेवीस-चोवीस वर्षांच्या नायकाला त्रेचाळिशीतला गायक! कागदावर हे कुणालाही चुकीचं वाटलं असतं. पण एसपीबींच्या आवाजात एक हसू होतं, शब्द संपता संपता ओठ रुंदावल्यासारखं. लाजऱ्या, नव्या पोराला ते चपखल बसलं. १९९० चा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना याच चित्रपटासाठी मिळाला. त्यानंतर 'पत्थर के फूल', 'साजन' आणि १९९४ चा 'हम आपके हैं कौन', ज्यात लताबाईंबरोबरचं ते दीर-वहिनीचं गाणं. सोलापुरात तेव्हा या गाण्याशिवाय एकही हळद झाली नसेल.

आमच्या भागात एक ज्यादा मजा होती. 'मैंने प्यार किया' तेलुगूत 'प्रेम पावुरालु' नावाने आला आणि तीही गाणी यांचीच. एका घरात हिंदी कॅसेट, शेजारी तेलुगू. चाल एक, गायक एक, शब्द वेगळे.

विजय पाटील २२ मे २०२१ रोजी नागपुरात वारले, एसपीबींनंतर आठ महिन्यांनी. त्यांची आठवण मराठी वर्तमानपत्रांनी काढली, पण मला ती अपुरी वाटली.

११. मग नंतर हिंदीतून गायबच का झाले?

गायब आपल्यासाठी झाले. दक्षिणेत त्यांना श्वास घ्यायला सवड नव्हती. नव्वदीच्या शेवटी हिंदी गाण्याची चव बदलली, सलमानच्या चित्रपटांत दुसरे आवाज आले आणि एसपीबी कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. २०१३ मध्ये 'चेन्नई एक्सप्रेस'चं शीर्षकगीत गाऊन परतले, तेव्हा पोरांनी विचारलं, हा नवीन गायक कोण!

त्या मधल्या काळात आमच्याकडे ते टीव्हीवर दर आठवड्याला भेटत. १९९६ पासून ईटीव्हीवर 'पाडुता तीयगा' ही तेलुगू गाण्यांची स्पर्धा आणि कन्नडमध्ये 'एदे तुंबी हाडुवेनु'. परीक्षक म्हणून चूक दाखवायचे, पण आधी स्वतः ती ओळ गाऊन, मग त्या गाण्याच्या कवीचं नाव सांगून, मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून. रडवणं हे टीव्हीवर टाळ्या मिळवायचं साधन झालंय, त्या काळात हे वेगळं होतं.

१२. एवढ्या भाषांचे उच्चार त्यांना जमायचे कसे?

गाण्याचे शब्द ते तेलुगू लिपीत स्वतःच्या हाताने उतरवून घेत, भाषा कुठलीही असो. गीतकार समोर असेल तर त्याच्याकडून शब्द म्हणवून घेत, अर्थ विचारत, कुठे जोर द्यायचा ते खुणा करून ठेवत. रेकॉर्डिंगच्या आधीची ही तयारी झाली की मग माईकपाशी हसत-खेळत.

आपल्याकडे कन्नड किंवा तेलुगू गाणं स्टेजवर म्हणणाऱ्या पोरांनी निदान एवढं करावं. देवनागरीत कुणीतरी पाठवलेले शब्द घेऊन उभं राहू नये. देवनागरीत तेलुगूतला ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' सारखाच लिहिला जातो आणि तिथेच घात होतो. भद्रावती पेठेतल्या कुठल्याही आजीला विचारा, ती बसवून घेईल.

१३. 'अष्टपैलू' म्हणजे गाण्याशिवाय काय काय केलं?

डबिंग आधी सांगतो, कारण ते सगळ्यात कमी माहीत आहे. कमल हासन तेलुगूत बोलायला लागले की बहुतेक वेळा तो आवाज एसपीबींचा असे. 'दशावतारम'च्या तेलुगू आवृत्तीत कमल यांच्या दहांपैकी सात पात्रांना त्यांनी आवाज दिला. रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी'च्या तेलुगू आवृत्तीत बेन किंग्सले म्हणजे गांधीजी एसपीबींच्या आवाजात बोलतात. 'अन्नमय्या'त (१९९७) सुमन यांनी साकारलेल्या वेंकटेश्वराचा आवाजही त्यांचाच.

यातूनच त्यांच्या गाण्याचं गुपित कळतं. नट बोलतो कसा हे ते आधी ऐकत. तेलुगू महानायक एन. टी. रामाराव (एनटीआर) यांच्यासाठी भारदस्त, विनोदी नट राजाबाबूसाठी चक्क राजाबाबूसारखा. पडद्याकडे पाठ करून बसलात तरी कोण गातंय ते कळावं, अशी ती तऱ्हा.

संगीतकार म्हणून चाळीसहून अधिक चित्रपट. सुधा चंद्रन यांचा 'मयूरी' (१९८५) त्यांनी केला. याच कथेच्या हिंदी 'नाचे मयूरी'चं संगीत मात्र त्यांचं नाही. अभिनयही: 'कादलन'मध्ये प्रभुदेवाचे वडील, 'केळडी कण्मणी'त (१९९०) चक्क नायक आणि तेलुगू 'मिथुनम'मध्ये (२०१२) लक्ष्मी यांच्याबरोबर म्हातारं जोडपं. पडद्यावर दोनच माणसं, कथा खाण्यापिण्याची, रुसव्याफुगव्याची. दिग्दर्शक तनिकेळ्ळ भरणी. तेलुगू येत नसलं तरी हा चित्रपट आईवडिलांना दाखवा.

१४. पी. बी. श्रीनिवास आणि एसपीबी एकच का? आणि एस. पी. शैलजा त्यांची मुलगी का?

नाही आणि नाही. पी. बी. श्रीनिवास आधीच्या पिढीचे, कन्नडमध्ये राजकुमार यांचा बराच काळ आवाज, निधन २०१३. शैलजा या एसपीबींच्या धाकट्या बहीण, स्वतः उत्तम गायिका. मुलं दोन: एस. पी. चरण आणि पल्लवी.

१५. एका श्वासात गायलेलं गाणं खरंच एका श्वासात आहे का?

'केळडी कण्मणी'तलं गाणं म्हणताय. संगीत इळयराजांचं. अंतरे असे बांधलेत की श्वास घ्यायची जागाच कानाला सापडत नाही. पण अख्खा अंतरा खरोखर एका दमात कुणी म्हणू शकत नाही, हे एसपीबी स्वतःच हसत कबूल करत. स्टुडिओत तुकडे जोडता येतात. मंचावर ते चोरून श्वास घेत. कौतुक करायचंच तर त्या चोरीचं करा, कारण तीही लयीत असे. आणि गल्लीतल्या स्पर्धेत एका दमात म्हणायच्या भानगडीत पडून लाल होऊ नका.

१६. एका दिवसात २१ गाणी गायली हे शक्य आहे का?

८ फेब्रुवारी १९८१ रोजी बंगळूरला कन्नड संगीतकार उपेंद्र कुमार यांच्यासाठी सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळात २१ गाणी गायल्याचं सांगितलं जातं. तमिळमध्ये एका दिवसात १९ आणि हिंदीत १६ हेही आकडे प्रसिद्ध आहेत. बारा तासांत २१ म्हणजे गाण्याला पस्तीस मिनिटांच्या आत. चाल ऐकायची, शब्द उतरवायचे (प्रश्न १२) आणि लगेच गायचं. त्यातलं प्रत्येक गाणं अजरामर नसणार, उघडच आहे. पण दुसऱ्या दिवशी आवाज शाबूत राहिला याचं मला जास्त नवल वाटतं, कारण हा माणूस थंड पाणी, आइस्क्रीम काही वर्ज्य मानत नसे. तुम्ही मानत जा.

१७. इळयराजांशी भांडण का झालं होतं?

मैत्री चित्रपटांच्या आधीची. एसपीबींच्या वाद्यवृंदात इळयराजा आणि त्यांचे भाऊ वाजवत. २०१७ मध्ये एसपीबी कारकिर्दीच्या पन्नाशीनिमित्त अमेरिकेत कार्यक्रम करत होते, तेव्हा इळयराजांकडून वकिलाची नोटीस आली की माझी गाणी परवानगीशिवाय गाऊ नका. एसपीबींनी जाहीर केलं की कायद्याचा मान राखतो, ती गाणी गाणार नाही, आणि दौरा इतर गाण्यांवर पुढे नेला. २०१९ मध्ये दोघे पुन्हा एका मंचावर आले. २०२० च्या ऑगस्टमध्ये एसपीबी अतिदक्षता विभागात असताना इळयराजांनी बालूला लवकर परत ये म्हणून साद घातली, ती चित्रफीत पाहवत नाही.

बरोबर कोण होतं? संगीतकाराचा हक्क मला मान्य आहे. मित्राला ते फोन करूनही सांगता आलं असतं, हेही मान्य आहे.

१८. कोविड निगेटिव्ह आला होता, मग मृत्यू कशाने झाला?

५ ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईच्या रुग्णालयात दाखल झाले. त्या दिवशी त्यांनीच चित्रफितीतून सांगितलं होतं की त्रास किरकोळ आहे, काळजी नको. आठवडाभरात तब्येत खालावली. आधी व्हेंटिलेटर, मग एक्मो, म्हणजे रक्तात बाहेरून प्राणवायू मिसळणारं यंत्र. सप्टेंबरच्या सुरुवातीला चाचणी निगेटिव्ह आली. पण विषाणू गेला तरी फुप्फुसांचं जे नुकसान झालेलं असतं ते राहतं. २५ सप्टेंबरला दुपारी एक वाजून चार मिनिटांनी गेले. वय ७४. त्या दिवसांत आपल्याकडेही अनेक घरांनी हेच पाहिलं: रिपोर्ट निगेटिव्ह आणि माणूस परत नाही.

१९. ब्राह्मण असून दहन न करता दफन का केलं?

त्यांचं घराणं आराध्य शैव परंपरेतलं. आडनावातला 'पंडिताराध्य' तिथलाच. या परंपरेत समाधी देतात. सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात, जिथे लिंगायत घरांत हीच रीत आहे, तिथे खरं तर याचं नवल वाटू नये. २६ सप्टेंबरला चेन्नईजवळच्या तामरैपाक्कम इथल्या त्यांच्या शेतात पोलिसांच्या मानवंदनेसह अंत्यविधी झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी नेल्लोरचं वडिलोपार्जित घर कांची मठाला वेदपाठशाळेसाठी देऊन टाकलं होतं.

२०. त्यांना भारतरत्न मिळालं का?

नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आंध्र प्रदेशच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना तशी विनंती करणारं पत्र लिहिलं होतं. २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. फ्लेक्स छापताना 'भारतरत्न' लिहू नका, दरवर्षी एक तरी तसा लागतो.

२१. शेवटचं गाणं कोणतं?

रजनीकांत यांच्या 'अण्णात्ते'मधलं, संगीत डी. इमान यांचं. चित्रपट २०२१ च्या दिवाळीत आला. आधी गाऊन ठेवलेली इतर काही गाणीही नंतर बाहेर आली, त्यामुळे यावर पैज लावू नका.

२२. तेलुगू-कन्नड कळत नाही. ऐकायला कुठून सुरुवात करू?

ओळखीच्या चालींपासून. 'रोजा'ची हिंदी गाणी ऐकली असतील, त्यातलं नायकाचं विरहगीत तमिळमध्ये ऐका. दोन्हीकडे हेच गायक आहेत, पण तमिळमध्ये ते जास्त मोकळे वाटतात. मग 'एक दुजे के लिए'वरून 'मरो चरित्र'. त्यानंतर 'सागर संगमम', कारण तो चित्रपट नर्तकाचा आहे आणि भाषा नसली तरी पाय कळतात. 'शंकराभरणम' चौथ्या नंबरावर ठेवा, पहिल्याच दिवशी नको. गदगवाला चित्रपट कुणा कन्नड शेजाऱ्याबरोबर बसून बघा.

सलमानची गाणी अजिबात ऐकू नका असं मी म्हणत नाही. पण तेवढ्यावर एसपीबी कळले म्हणणं म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून सिद्धेश्वराचं दर्शन झालं म्हणण्यासारखं आहे.

२३. आमच्या गल्लीत २५ सप्टेंबरला गाण्यांचा कार्यक्रम ठेवतोय. काय काळजी घ्यावी?

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम श्रद्धांजलीलाही लागू आहे. म्हणून सातला म्हटलं की सातला सुरू करा, पाहुण्यांचे सत्कार गाण्यांच्या मध्ये घुसवू नका. पोलिस ठाण्याची परवानगी आधी काढा. तिकीट लावणार असाल किंवा हॉल घेणार असाल तर गाण्यांच्या हक्कांचा परवाना लागतो, हॉलवाल्याकडेच चौकशी करा. हा विषय किती नाजूक आहे ते प्रश्न १७ मध्ये आलंच आहे.

गाणी निवडताना चारही भाषा ठेवा आणि निवेदन मराठीत करा, म्हणजे सगळे बसून राहतात. कराओके ट्रॅक मूळ पट्टीतले असतात. एसपीबींची वरची पट्टी भल्याभल्यांना झेपत नाही, तेव्हा दोन स्वर खाली उतरवलेले ट्रॅक आणा. 'शंकराभरणम' ट्रॅकवर म्हणू नका. मृदंग आणि व्हायोलिन वाजवणारे मिळाले तरच घ्या, नाहीतर त्या जागी टेप लावा आणि सगळ्यांबरोबर खाली बसून ऐका.